अंगणातली तोटी

वाई

चि. बाळ यास आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र परवा पोचले. वहिनींच्या प्रकृतीचा मजकूर चार ओळींत उरकून तू दीड पान अंगणातल्या गळक्या तोटीवर खर्च केलेस, आणि अखेरीस ‘प्लंबर पुढल्या आठवड्यात येऊन जुनी पितळी तोटी काढून प्लास्टिकची बसवणार आहे, तोवर खाली बादली लावली आहे, एवढ्याशा थेंबाने काय होते’ असे लिहून मोकळा झालास. हे शेवटचे वाक्य दुसऱ्या कोणाच्या हातचे असते तर मी ते वाचून सोडून दिले असते. परंतु ते दादाच्या मुलाने, त्या घरात बसून लिहावे, याचे मला फार वाईट वाटले, आणि म्हणून हे पत्र तुला हवे होते त्याहून लांबणार आहे.

सेकंदाला एक या गतीने पडणारे थेंब दिवसाकाठी ८६,४०० होतात, आणि चार हजार थेंबांचा एक लिटर असा ढोबळ हिशेब धरला तरी वीस लिटरांहून अधिक पाणी, म्हणजे एक मोठी बादली, रोज त्या तोटीतून जाते. तू बादली लावली आहेस हे ठीक; पण रात्री ती भरून वाहते तेव्हा पाणी कोठे जाते, हे तू पाहिले आहेस काय?

आता मुख्य विषयाकडे वळते. थेंब नेमका कोठून येतो, हेच तू लिहिलेले नाहीस. दुखते कोठे ते न सांगता वैद्याकडे पुडी मागावी, तसा हा प्रकार झाला. तोटी पूर्ण बंद केल्यावरही तोंडातून ठिबकत असेल, तर आतला वायसर झिजला आहे. तोटी उघडली असता मुठीखालून, दांडीच्या कडेने पाणी झिरपत असेल, तर तेथली चाकी किंचित आवळून, किंवा ग्रीस लावलेल्या सुती दोऱ्याचे नवे वेढे दांडीभोवती देऊन काम भागते. भिंतीलगत, जेथे तोटी नळात बसते त्या आट्यांतून पाणी येत असेल, तर मात्र ती उतरवून ताग-सफेदा, अथवा हल्ली मिळते ती टेफ्लॉनची पांढरी पट्टी, आट्यांच्याच दिशेने गुंडाळून पुन्हा बसवावी लागते. बादली ठेवून तुझे निभते आहे, त्या अर्थी पहिलाच प्रकार असावा असे धरून पुढे लिहिते.

सकाळचे पाणी भरून झाल्यावर कामाला लाग, आणि प्रथम मीटरजवळचा कॉक बंद कर. तोटी उघडून नळात राहिलेले पाणी वाहून जाऊ दे आणि ती उघडीच ठेव. कारण मिटलेल्या तोटीत वायसर आतल्या पितळी तोंडावर दाबलेला असतो आणि त्या स्थितीत वरचा भाग जबरीने फिरवला तर आटे दुखावतात. मग वरचा षट्कोनी भाग पान्याने सोडवून दांडीसकट बाहेर काढ, म्हणजे तिच्या बुडाशी तो झिजलेला वायसर दिसेल. तो खिशात घालूनच दुकानात जा, नुसते ‘अर्ध्या इंची तोटीचा’ म्हणून मागू नकोस. नवा बसवण्यापूर्वी आत बोट घालून ते पितळी तोंड चाचपून पाहा: गुळगुळीत लागले तर तोटी आणखी कित्येक वर्षे सेवा देईल; खाच पडलेली असेल तर नवा वायसरही लवकरच कापला जाईल, आणि मग तोटी बदलण्याला माझी हरकत नाही. पण बदलायचीच तर पितळीच घे, भारतीय मानक ७८१ चा शिक्का आहे याची खातरजमा करून घे. प्लास्टिक उघड्यावरच्या उन्हात वर्षानुवर्षे तापून ठिसूळ होते, आणि आपल्या अंगणात ऊन किती वेळ असते हे तुला मी सांगायला नको.

या यंत्रात गूढ असे काहीच नाही, हे मला तुला कळकळीने सांगायचे आहे. मळसूत्राने वायसर खाली दाबावा व पाणी अडवावे, ही युक्ती इंग्लंडातल्या रॉदरहॅम गावच्या गेस्ट आणि क्राइम्स या कारखान्याने १८४५ साली प्रचारात आणली आणि तुझ्या अंगणातली तोटी आजही त्याच युक्तीवर चालते. जी वस्तू आपण नित्य हाताळतो, तिचे अंतरंग एकदाही न पाहता तिला निकालात काढण्याचा हुकूम देणे, हे माझ्या मते गृहस्थाला शोभत नाही. खडकवासल्याच्या धरणापासून आपल्या मीटरपर्यंतचा सारा बंदोबस्त महापालिकेच्या अखत्यारीत आहे, आणि तेथे काही कसूर झाली की आपण तगादा लावतो, अर्ज करतो, वर्तमानपत्रांना पत्रे लिहितो. मीटरपासून तोटीच्या तोंडापर्यंतची जी चार हात लांबीची वाट सर्वस्वी आपल्या ताब्यात आहे, तिच्याविषयी जाब कोणी कोणाला विचारायचा? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले, आणि शहरातले नळ कोरडे पडले, तेव्हा मी लहान होते. परंतु नानासाहेब पेशव्यांच्या वेळच्या कात्रजच्या नळाचे पाणी ज्या हौदात येई, तेथे रांग लावून दादा खांद्यावरून कळशा आणत असे, आणि आमची आई एकेक तांब्या मोजून देई, हे मला आजही स्पष्ट आठवते. नळांना पाणी परत आले तेव्हा त्याच दादाने अंगणातली तोटी आधी उकलून, आतला गाळ धुऊन, मगच ती चालू केली, आणि मला शेजारी बसवून प्रत्येक भाग हातात दिला. तुलाही त्याने दाखवली असणार. त्याचा तो पाना कोनाड्यातल्या पत्र्याच्या डब्यात अजून आहे ना, की तोही कोणाला देऊन टाकलास?

एका गोष्टीची मात्र मला धास्ती वाटते आणि ती लिहिल्यावाचून राहवत नाही. भिंतीतला नळ जुना, लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेला आहे, आणि त्याचे आटे आतून गंजलेले असणार. तोटीवर जोर लावताना दुसऱ्या पान्याने नळ घट्ट धरून ठेव, नाही तर तोटीबरोबर नळही फिरेल आणि भिंतीच्या आत मोडेल. मग मात्र सारी भिंत फोडावी लागेल. मीटरजवळचा कॉकही आधी फिरवून पाहा. पुष्कळ वर्षांत कोणी हात न लावल्यामुळे तो जाम झाला असेल तर त्याच्याशी झगडू नकोस. त्या कामाला खुशाल माणूस बोलाव, तेथे माझा आग्रह नाही. आणि एकट्याने काही करू नकोस, कोणाला तरी जवळ उभे कर, कारण तुझा खांदा अजून पुरता सुधारलेला नाही, हे तू लपवलेस तरी वहिनींनी मला कळवले आहे.

त्या बादलीखालच्या फरशीवर शेवाळ धरले असणार. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण इतके दिवस ओल राहिल्यावर दुसरे काय होणार? वहिनी पहाटे तुळशीला पाणी घालायला त्याच वाटेने जातात, त्यांना आता कमी दिसते आणि गेल्या वर्षीचा त्यांचा पाय तू विसरला नसशील. तेव्हा वायसर सावकाश मिळाला तरी चालेल, ती फरशी मात्र पत्र हाती पडताच खराट्याने घासून कोरडी कर आणि तोवर त्यांना मागच्या दाराने जाऊ दे. त्यांचा गुडघा कसा आहे, रात्री झोप लागते की नाही, हे या खेपेस सविस्तर लिही. चार ओळी मला पुरत नाहीत. उत्तर उलट टपाली पाठव.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी
आत्या