भांगाचा चंद्र

चंद्राचा पहिला फोटो काढला तो मार्गशीर्ष पौर्णिमेला, उरणच्या आमच्या गच्चीवरून. ईशान्येला बंदराच्या क्रेनचे दिवे लागले होते आणि त्यांच्या उजवीकडे ताटाएवढा चंद्र वर आला होता. फोटोत मात्र उमटला पांढरा ठिपका. आईने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "यातला दिवा कुठला नि चंद्र कुठला?"

तो प्रश्न मनातून जाईना. ताटाएवढा वाटणारा चंद्र हात लांब केला की करंगळीच्या नखामागे अख्खा लपतो. ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून सेन्सरवर पडणारं त्याचं बिंब जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचं. त्यात कॅमेरा भोवतालचा काळोख मोजून उजेड वाढवत नेतो. पण चंद्रावर कुठे रात्र असते? आपल्याला दिसतो त्या भागावर ऊन पडलेलं असतं, आणि जमीन डांबरी रस्त्यासारखी काळपट. तेव्हा फोटो काढायचा तो उन्हातल्या रस्त्याचा. दुसऱ्या रात्री आयएसओ १००, एफ ११, शटर सेकंदाचा शंभरावा भाग. डाग दिसले, कडा नीट आली. तरी बिंब पापडासारखं सपाट. ऊन समोरून पडलं की सावल्या दिसत नाहीत.

पौर्णिमा मला लहानपणापासूनच आवडत नाही. बाबा मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला आणि तिथून कामावर जायचे. मोरा बंदरात गाळ. उधाणाच्या दिवसांत पाणी जेवढं चढतं तेवढंच खोल उतरतं, आणि ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. आमच्याकडे याचं गणित तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेची पंधरावी तिथी, म्हणजे भरती सव्वाअकराच्या सुमाराला, आणि सहा तासांनी, नेमकी बाबांच्या परतीच्या वेळी, ओहोटी. बाबा पलीकडे पाणी चढायची वाट बघत बसलेले, आणि इकडे आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत पोळ्या झाकून ठेवायची. मी दारात. समोर चंद्र वर वर चढत जायचा, आणि यानेच बाबांना अडवलंय हे मला पक्कं ठाऊक होतं. अमावास्येलाही लाँच अडायची, पण त्या रात्री दोष द्यायला आकाशात कोणी नसायचं.

अष्टमीचं तसं नव्हतं. आठाची पाऊणपट सहा. संध्याकाळी सहाला भरती, तीही भांगाची, बेताची. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. लाँच वेळेवर यायची. बाबा फळीवरून उतरायचे, हातात बहुधा मुंबईची केळी असायची, आणि घरी चालत येताना अर्धा चंद्र आमच्या डोक्यावर असायचा. शुद्ध अष्टमीचा चंद्र शोधावा लागत नाही. सूर्य बुडतो तेव्हा तो माथ्यावर तयारच असतो.

म्हणून तीन आठवडे थांबून अष्टमीलाच ट्रायपॉड लावला. ऊन आता कडेने येत होतं, म्हणून एफ ८. धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या कडा उभ्या राहिल्या, आणि ॲपेनाइन पर्वतांची कमान चकाकली. तिथली काही शिखरं पाच किलोमीटरच्या वर आहेत, आपल्या कळसूबाईच्या तिप्पट. हे सगळं पौर्णिमेलाही तिथेच होतं, भरपूर उजेडात हरवलेलं. आपल्या गाण्यांनी पौर्णिमेचं कौतुक जरा जास्तच केलं आहे, असं माझं मत आहे. आणि बिंबावर स्वतःहून खड्डे रेखून देणारे फोन मला नकोत. जेवढं ऊन, तेवढंच चित्र असावं.

तो फोटो आईला दाखवला. या वेळी तिने दिव्याचं विचारलं नाही. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भांग आहे म्हणजे. लाँच वेळेवर असेल."

१२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत रेल्वे आली. तिला तिथी विचारावी लागत नाही. पण मोऱ्याचं पाणी अजून तिथीनेच चढतं-उतरतं. येत्या शुद्ध अष्टमीला दिवेलागणीच्या वेळी एकदा वर बघा. कॅमेरा नसला तरी चालेल.