चवड्याची नस आणि बुटाची रुंदी



चवड्याचे जुनाट दुखणे सोबत असताना धावण्यासाठी बूट कोणता घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर दुखऱ्या जागेच्या रचनेत शोधावे लागते. बहुधा तिसऱ्या व चौथ्या बोटांमागील लांब हाडांच्या, म्हणजे प्रपदास्थींच्या, टोकांशी मज्जातंतू वारंवार चेपला जाऊन त्याचे आवरण जाड होते, आणि मग जळजळ, बोटांचा बधिरपणा व पायाखाली खडा आल्याचा भास सुरू होतो. फिलाडेल्फियाचे शल्यविशारद थॉमस मॉर्टन यांनी १८७६ मध्ये या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्यास ‘मॉर्टनचा न्यूरोमा’ म्हणतात. न्यूरोमा म्हणजे मज्जातंतूची गाठ, परंतु येथे खरी गाठ नसतेच, असते ती तंतुमय जाडी, तरीही रुग्ण नावानेच अधिक घाबरतो.

या तंतूला दोन गोष्टी जाचतात : बाजूंनी आवळणे आणि बोटे वर वाकताना बसणारा ताण. दुकानात मात्र सारी चर्चा मऊपणाची होते, आणि अरुंद बुटात जाड गादी घातली की पाऊल वर उचलले जाऊन चवडा उलट अधिकच आवळतो. म्हणून रुंदी आधी पाहावी. नंबर लांबी सांगतो. रुंदी काही कंपन्या वेगळ्या अक्षरांनी दाखवतात, जसे पुरुषांच्या बुटांत ‘डी’ नेहमीची, ‘टू-ई’ रुंद व ‘फोर-ई’ त्याहून रुंद. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभे राहून पावलाची रेघ आखावी व बुटातील सुटी गादी तीवर ठेवावी. रेघ बाहेर डोकावली तर तो बूट बाजूला सारावा.

झुलत्या खुर्चीच्या पायांसारखा पुढे बाक असलेला, सहज न दुमडणारा तळ बोटांचे वाकणे कमी करतो. टाच व चवडा एकाच उंचीवर ठेवणारे बूट चवड्यावरील भार हलका करू शकतात, पण तो पोटरीवर टाकतात. त्यांची सवय काही आठवडे घेऊन हळूहळू लावावी. चवड्यासाठी बुटात घालायचा छोटा उंचवटा, म्हणजे पॅड, दुखऱ्या जागेखाली नव्हे, तर किंचित मागे बसवावा.

‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर टोचणारा बूट घेऊ नये; त्याचा साचा कोल्हापुरी चपलेच्या चामड्यासारखा पायाजोगा होत नाही.