म्यूटवरचा वर्ग

ऑनलाइन शिकवण्यानं प्राध्यापक आणि विद्यार्थी एकमेकांना दुरावले, असं आता सगळेच म्हणतात. मार्च २०२० मध्ये महाविद्यालयं बंद झाली तेव्हापासून हे वाक्य परिसंवादांत, स्टाफरूममध्ये, पालकांच्या तोंडी इतक्या वेळा आलं आहे, की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. वाशीमसारख्या जिल्ह्यात शिकवणाऱ्यानं तरी ते तपासायला हवं. माझ्या मते हा दुरावा मोबाइलनं आणलेला नाही. विद्यार्थ्याच्या उत्तराला जागाच न ठेवणाऱ्या आपल्या शिकवण्याच्या सवयीतून तो आला. ती सवय वर्गातही होती. ऑनलाइन झाल्यावर ती लपवता येईना.

त्या वर्षी आपण काय केलं? अठ्ठेचाळीस मिनिटांची तासिका जशीच्या तशी उचलली आणि झूमवर, गुगल मीटवर नेऊन ठेवली. झूमची फुकटची बैठक चाळीस मिनिटांत तुटायची, म्हणून तासिका तेवढी आखूड झाली. बाकी काही बदललं नाही. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांची स्थिती आकडे सांगतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम १५ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय होती आणि ४.४ टक्क्यांकडे संगणक. २०११ च्या जनगणनेप्रमाणे वाशीम जिल्ह्यातली पाचांपैकी चार माणसं खेड्यात राहतात. घरात स्मार्टफोन असलाच तर एक, आणि पेरणीच्या दिवसांत तो बापाबरोबर वावरात. मीटच्या यादीत मुलीच्या नावाऐवजी वडिलांचं नाव दिसायचं, कारण खातं त्यांचं. डेटा वाचवायला कॅमेरा बंद, गोंगाट नको म्हणून माइक म्यूट. ‘आवाज येतोय का?’ या प्रश्नावर चॅटमध्ये दोन-तीन ‘येस सर’ उमटायचे आणि तेवढ्यावर तास पुढं जायचा. ऑक्टोबरात राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांवर उरकल्या. परिस्थितीच तशी होती, हे मान्य. पण त्यामुळे पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलांना स्वतःचं एक वाक्यही लिहावं लागलं नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: समोरासमोर बसण्याची सर कशालाच नाही. प्रयोगशाळेपुरता तो बिनतोड आहे. परीक्षानळी हातात धरल्याशिवाय रसायनशास्त्र येत नाही. पण व्याख्यानाच्या वर्गाचं काय? मानोऱ्याकडच्या तांड्यावरून आलेला, घरी गोरमाटी बोलणारा मुलगा ऐंशी जणांत शेवटच्या बाकावर बसतो आणि तीन वर्षांत एकदाही तोंड उघडत नाही. तो वर्गात हजर असतो, हजेरीपटावर तशी नोंदही असते, आणि तरीही त्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळत नाही. वर्गापर्यंत पोचणं हीसुद्धा गृहीत धरायची गोष्ट नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक मुलांना कोरोनाची लागण झाली. तेव्हा वर्ग भरवायचा आग्रह कुणी धरला असता? वीस ऑक्टोबर २०२१ ला महाविद्यालयं पुन्हा उघडली, तर त्याच महिन्याच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. ज्यांचं येणं-जाणं लाल परीच्या पासवर होतं, त्यांना उघडं महाविद्यालयही बंदच होतं.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ मायकेल मूर यांनी गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकातच मांडलं होतं, की शिक्षणातलं अंतर मैलांत मोजू नये. संवाद किती होतो आणि अभ्यासक्रम किती ताठर आहे, यावर ते ठरतं. आपल्याकडेही हे ज्ञान होतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून दूरशिक्षण देतं आहे. पुस्तक घरपोच देऊन भागत नाही, अभ्यासकेंद्र लागतं, संपर्कसत्र लागतं, स्वाध्याय तपासून परत जावा लागतो, हे तिथल्या रचनेतच गृहीत आहे. नियमित महाविद्यालयांनी या अनुभवाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वाशीमच्या परिस्थितीत थेट व्हिडिओ हे सर्वांत महागडं आणि सर्वांत मुकं साधन आहे. दहा मिनिटांची ध्वनिफीत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, तर ती बाप वावरातून परतल्यावर रात्रीही ऐकता येते, नेटवर्क दोन काड्यांचं असलं तरी उतरते, आणि विद्यार्थ्याला ऐंशी जणांसमोर न लाजता एक मिनिटाचं उत्तर धाडता येतं. ‘उत्तरं सगळी फॉरवर्ड केलेली येतील,’ हा दुसरा आक्षेप. येतीलच, प्रश्न तसे असतील तर. ‘हमीभावाची व्याख्या लिहा’ म्हटलं की चाळीस जणांची एकच व्याख्या येणार. पण २०२०-२१ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,८८० रुपये होता. तुमच्या घरचं सोयाबीन कुठं विकलं, काय भावानं, ओलाव्यापोटी किती कापले, असं विचारलं, तर कारंज्याच्या बाजार समितीत नेणाऱ्याचं उत्तर वेगळं येतं आणि गावातच व्यापाऱ्याला घालणाऱ्याचं वेगळं. अशा उत्तरातून अर्थशास्त्राच्या प्राध्यापकालाही काही शिकायला मिळतं. दोघांनाही एकमेकांची गरज आहे हे जिथं कळतं, तिथं नातं जुळतं, मग मध्ये फोन असो की फळा.

खरी अडचण तिसऱ्या आक्षेपात आहे: इतकी उत्तरं ऐकायची कुणी आणि कधी? हा आक्षेप आळसातून येत नाही. सहायक प्राध्यापकाचा कार्यभार आठवड्याला सोळा तास, तो प्रत्यक्ष अध्यापनाचा. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला तर मानधनच घेतलेल्या तासिकेचं मिळतं. चाळीस मुलांची उत्तरं ऐकून प्रत्येकाला दोन वाक्यं परत पाठवण्यात गेलेली रात्र कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. सारी व्यवस्था आपल्याला बोलण्याचे पैसे देते, मग ऐकणं मागं पडलं तर नवल काय? यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरून घ्यायला मुभा दिली आहे, म्हणजे हा प्रश्न कोरोनाबरोबर संपलेला नाही. उत्तरं ऐकण्याच्या तासांचा रकाना आधी कार्यभाराच्या तक्त्यात यावा, तासिकेवाल्यांना त्याचं मानधन मिळावं, आणि मगच वाशीमच्या मुलांना हे विषय ऑनलाइन घ्यायला सांगावं.