दर्यावर्दी धनिकाचा वाडा

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, दिएप बंदरापासून थोड्याच अंतरावर, वारांजव्हील नावाचे खेडे आहे. आणि तेथे झां आंगो नामक जहाजमालकाने १५३० नंतरच्या काळात बांधविलेल्या वाड्याचा विचार करू लागलो, की धन्याच्या वैभवाहून अधिक काळ माझे मन रेंगाळते ते त्याच्या भिंतींपाशी.

वैभव मात्र सामान्य नव्हते. मेक्सिकोहून स्पेनच्या बादशहाकडे निघालेला कोर्तेसचा खजिना आंगोच्या पदरच्या झां फ्लरी या कप्तानाने समुद्रातच लुटला. १५२९ मध्ये आंगोची दोन गलबते आफ्रिकेला वळसा घालून सुमात्रास पोहोचली. आणि आमच्या कोकणच्या नाखव्यांना कार्ताज नामक परवान्यावाचून त्यांच्याच समुद्रात फिरू न देणाऱ्या पोर्तुगीजांना या दिएपकराने, आपल्या राजाची सनद मिळवून, अटलांटिकवर जेरीस आणले. लूट ती लूटच. पण तिच्या द्रव्यातून उभी राहिलेली वास्तू उद्दाम नाही. मध्ये प्रशस्त चौक, सभोवार राहत्या घरासह गोठे-कोठारे, दक्षिणेस इटालियन धर्तीची कमानदार ओसरी. आणि हे सारे त्याच प्रदेशातल्या चकमकीच्या दगडाचे, विटांचे व वालुकाश्माचे.

चौकातला वर्तुळाकार कबुतरखाना हा या वाड्याचा खरा अलंकार होय. तांबड्या विटा, काळसर चकमक आणि फिकट वालुकाश्म यांची चौकटीची, तिरप्या रेघांची नक्षी थरांमागून थरांनी चढत जाते आणि माथ्यावर घुमट येतो. आत सुमारे १६०० खोपे आहेत. परंतु कबुतरे पाळणे हा तेथे छंद नव्हता, तो जमीनदारीचा हक्क होता. जितकी जमीन तितके खोपे, आणि ती पाखरे पोसली जात ती रयतेने पेरलेल्या दाण्यांवर. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री फ्रान्सच्या राष्ट्रसभेने सरंजामी हक्कांबरोबर हाही रद्द केला, हे मला केवळ न्याय्यच नव्हे, तर फार उशिराचे वाटते. आणि तरीही त्या नक्षीवरची माझी प्रीती कमी होत नाही.

राजा फ्रान्स्वा १५४७ मध्ये वारला, आंगोचा आश्रय तुटला, भागीदारांचे दावे उभे राहिले, आणि १५५१ मध्ये तो कर्जबाजारी अवस्थेत मरण पावला. दिएपमधली त्याची लाकडी हवेली १६९४ च्या इंग्रज-डच तोफमाऱ्यात जळाली. खेड्यातला वाडा मात्र टिकला, कारण तो शेतीच्या कामी आला: दिवाणखान्यांचे कौतुक असो वा नसो, धान्य भिजू नये म्हणून कुळांना छप्पर शाकारावेच लागले असेल. १८६२ मध्ये तो सरकारी स्मारकांच्या यादीत दाखल झाला. तेव्हा यादीत घालण्याजोगे जे उरले होते, त्याचे श्रेय मी त्या अनाम कुळांनाच देतो.