दळलेला डोंगर

सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर पट्टकदंब हंस उतरले होते. काठाला मेंढरं चारणाऱ्यानं विचारलं, "कुठनं आल्यात ही पाखरं?" मी म्हणालो, "बर्फाच्या डोंगरापल्याडनं." त्यानं तुळजापूरकडे नजर टाकली. आपल्याकडे डोंगर म्हटला की बालाघाटच.

पांढऱ्या डोक्यावर मागून दोन काळे पट्टे, पिवळ्या चोचीचं टोक काळं. लडाख-तिबेटातल्या तळ्यांकाठी हे घरटी करतात. हिमालय ओलांडताना ७,२९० मीटर उंचीवर यांची नोंद झाली आहे. पण एरवी जमेल तिथे खोऱ्याखोऱ्यांतून, चढ-उतार धरून जातात. मला त्या विक्रमापेक्षा हे शहाणपण अधिक भावतं.

तसली खोरी लडाखातल्या झांस्करला जाताना पाहिली. पेन्सी ला खिंडीत, सुमारे ४,४०० मीटरांवर गाडी थांबली आणि खाली द्रांग-द्रुंग हिमनदी दिसली. मोठं वळण घेऊन उतरलेली, दोन्ही कडांना मळकट दगडगोट्यांच्या रांगा. नदीनं कापलेली दरी तळाशी चिंचोळी होते. ही खोरी परातीसारखी, तळ रुंद आणि कडा उभ्या. बर्फात रुतलेल्या दगडांनी हजारो वर्षं खालचा खडक घासला, त्याचं हे कोरीवकाम. वाटेत एका गुळगुळीत खडकावर सगळे ओरखडे एकाच दिशेनं गेलेले होते. त्यांवरून बोट फिरवलं आणि बर्फ कुठून कुठे सरकला ते हातालाच कळलं. हिमनदीतून निघणारी स्तोद नदी राखाडी. पेलाभर पाणी घेऊन ठेवलं. चहा उकळेपर्यंत तळाशी करडा थर धरला. बोटाला लागेल न लागेल इतकं मऊ. डोंगराचं पीठच ते.

आमची काळी माती लाव्हाच्या खडकाची, उन्हापावसानं झिजून झालेली. ओली झाली की वहाणेला सोडत नाही. तरी झांस्कर परकं वाटलं नाही. सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, झांस्कर हिमालयाच्या. हिरवा डोंगर तेवढा देखणा आणि उघडा तो भकास, हे मला कधीच पटलेलं नाही. उघड्या डोंगरावर खडकाचे तांबडे, जांभळे, हिरवट पट्टे तरी नीट दिसतात.

आणि त्या कोरड्यात जवाची शेतं! आपल्याकडे कालव्यावर पाटकरी असतो, तसा लडाखी गावांत पाण्याच्या पाळ्या लावणारा छुरपोन. सकाळी ओढा रोडावलेला असतो. ऊन चढून वर बर्फ वितळलं की दुपारनंतर पाणी वाढतं. आमचा शेतकरी विजेची वेळ बघून रात्रीबेरात्री दारं धरतो, तिथला उन्हाकडे बघून फावडं उचलतो.