आमच्या घरची रानवही

दुधाच्या हिशेबाची वही तुमच्या घरी असेलच. सोसायटीच्या कर्जाच्या आणि उसाच्या बिलाच्या पावत्याही जपून ठेवल्या असतील. पण यंदा पावशा कधी ओरडला, पहिला वळीव कधी पडला, विहिरीचं पाणी कुठल्या महिन्यात तळाला गेलं, हे कुठं लिहिलं आहे का? आमच्याकडंही नव्हतं. ते सगळं आमच्या मालकांच्या डोक्यात होतं आणि ते गेले तेव्हा त्यांच्याबरोबर गेलं.

आमचं गाव राधानगरी भागात, रानाच्या कडेला. भाताची तीन खाचरं आणि वर उतारावर थोडी नाचणी. मालक अंगणात उभे राहून म्हणायचे, "उद्या पेरा." आम्ही पेरायचो. का, ते कुणी विचारलं नाही.

ते गेले त्याच्या पुढच्या मे महिन्यात दोन दिवस दणकून वळीव झाला. पावशा तर महिनाभर 'पेर्ते व्हा' म्हणत होता. थोरल्यानं वाफसा बघून भात पेरलं. उगवून चार बोटं वर आलं आणि पावसानं पाठ फिरवली. कोंब करपले. दुसऱ्यांदा बियाणं उसनं आणावं लागलं. पोरगं आठ दिवस धड जेवलं नाही. "आबा असते तर असं झालं नसतं," एवढंच म्हणायचं. आत्याबाईही तेच म्हणाल्या, आणि म्हाताऱ्या माणसाचं बोलणं जरा जास्तच लागतं.

त्या मृगात मी वही घातली. शिक्षण सातवीपर्यंतचं, अक्षर वाकडं. रात्री भांडी झाली की दोन ओळी लिहायच्या. नाही काही दिसलं तर नाही लिहायचं.

पहिल्या वर्षी काय लिहावं तेच कळेना. मग कळायला लागलं. मेच्या अखेरीला ओढ्याकाठच्या झाडावर काजवे पेटतात; झाडच्या झाड एकदम उजळतं आणि एकदम विझतं. पावसानं जोर धरला की ते दिसेनासे होतात. काजव्याच्या अळ्या गोगलगायी खातात हे मला नातीच्या पुस्तकातून कळलं, तेव्हापासून तिथला पालापाचोळा आम्ही पेटवत नाही. आषाढात धरण भरून स्वयंचलित दरवाजा उघडला की ती तारीख. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं हे धरण. पाणी ठरल्या पातळीला चढलं की दरवाजे आपोआप उघडतात. नदीकाठच्या पाहुण्यांना त्या तारखेची आमच्यापेक्षा जास्त काळजी.

गव्यांच्या तारखा तर लिहाव्याच लागतात. दाजीपूरचं रान 1958 साली गव्यांसाठी राखलं, 1985 साली ते राधानगरीपर्यंत वाढलं, 2012 साली जागतिक वारशात गेलं. गव्याला हद्द कुठं कळते? कुठल्या आठवड्यात ते खाली उतरतात हे वहीत दिसायला लागल्यापासून राखणीला कधी जायचं ते आधी ठरतं. नुकसानीचा अर्ज करायचा झाला तरी तारीख लागतेच. कारवीचं मात्र विचारू नका. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, आणि मागं कधी फुलली यावर गावात दोन माणसांचं एकमत नाही. यंदापासून तरी भांडण मिटेल.

नात म्हणाली, "आजी, जपानात क्योटो गावात चेरीची झाडं कधी फुलली हे लोकांनी बाराशे वर्षांपासून लिहून ठेवलंय. 2021 साली ती 26 मार्चलाच बहरली, त्याआधी इतकी लवकर कधीच नाही." ते लिहिणारे काही शास्त्रज्ञ नव्हते, दरबारातली माणसं, फुलं बघायला जायची आणि रोजनिशीत टिपायची. आता ऋतू कसे सरकले ते त्यावरून कळतं. माझ्या वहीला बाराशे नको, बारा वर्षं झाली तरी पुष्कळ.

तुम्ही वही घालणार असाल तर एक सांगते. झाडापाखराचं नाव तुमच्या गावात जे असेल तेच लिहा. आणि जे दिसलं ते आणि जे वाटलं ते वेगळं लिहा. 'पाऊस येणार' हे वाटलेलं असतं. 'मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढल्या' हे दिसलेलं.

पावशाचं मला असंच उमगलं. चार वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या. एका वर्षी तो ओरडल्यावर नऊ दिवसांत पाऊस लागला, एका वर्षी महिना उलटला तरी नाही. पावशाचा तो विणीचा हंगाम. सातभाईच्या घरट्यात अंडं घालायचं, त्यासाठी त्याची हाकाटी. 'पेर्ते व्हा' हे आपण ऐकतो, तो म्हणत नाही.

मग मालकांना कसं कळायचं? गेल्या फाल्गुनात ट्रंक आवरताना जुन्या पावत्यांचं बंडल निघालं. त्यात भाताच्या बियाण्याच्या पावत्या होत्या. एकाच जूनमधल्या दोन. आणखी एका वर्षीच्याही दोन. दुबार पेरणी त्यांनाही चुकली नव्हती. मी नवी सून होते, स्वयंपाकघरातून मला ते कुणी सांगितलं नाही. आणि आत्याबाई विसरल्या.

त्या पावत्या मी थोरल्यापुढं ठेवल्या. तो बराच वेळ उलटसुलट करत बसला. काही बोलला नाही. वैशाखात एका सकाळी वही उघडली तर त्याच्या अक्षरात ओळ होती : 'पावशा ओरडला. खाचरात धूळ आहे. पेरलं नाही.'