खांद्यावरची गादी

शासकीय सेवेत माणूस हजारो टिपण्या लिहितो आणि विसरून जातो. एखादीच टिपणी पुढे आपल्याच अज्ञानाचा दाखला म्हणून लक्षात राहते. माझी अशी एक टिपणी रायफलीच्या दस्त्याला लावावयाच्या रबरी गादीविषयी होती.

सन २००९ मध्ये मी प्रतिनियुक्तीवर उत्तर बंगालमध्ये होतो. वन्यप्राण्यांच्या उपद्रवाशी संबंधित एका योजनेचे वित्तीय काम माझ्याकडे होते. डुआर्सच्या पट्ट्यात जंगल, चहाचे मळे आणि भातशेती एकमेकांना खेटून आहेत. भात पिकू लागले की हत्ती रात्री बाहेर पडतात. त्यांना परतवण्यासाठी वनरक्षकांची पथके मशाली, फटाके आणि प्रखर दिवे घेऊन फिरतात. अगदीच प्रसंग ओढवला तर हाताशी असाव्यात म्हणून पथकाकडे दोन जुन्या विलायती रायफली होत्या, ०.३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम या जातीच्या.

येथे कायद्याविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हत्ती पहिल्या अनुसूचीत येतो. तो मानवी जीवितास धोकादायक झाला आहे, अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री पटली आणि त्याने कारणे नमूद करून लेखी आदेश दिला, तरच त्याच्यावर कारवाई करता येते. त्यातही त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही याची खातरजमा झाल्याखेरीज ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. म्हणजे ती रायफल वर्षानुवर्षे उडणार नाही, अशीच कायद्याची इच्छा आहे. पण ज्या दिवशी उडेल, त्या दिवशी ती चुकता कामा नये.

प्रस्ताव दोन गाद्या आणि त्या बसवण्याची मजुरी एवढाच होता. मी शेरा मारला : "रायफली कार्यरत असताना सदर खर्चाची निकड स्पष्ट करावी. तसेच साठा नोंदवहीनुसार दोन्ही रायफलींना रबरी गादी विद्यमान असल्याचे दिसते." नोंदवहीतील विसंगती शोधून काढल्याचे समाधान मला त्या दिवशी पुरेपूर लाभले. त्याच आठवड्यात अधिकाऱ्यांसाठी पाठीला आधार देणाऱ्या खुर्च्यांचा प्रस्ताव मी एकही प्रश्न न विचारता मंजूर केला होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

रेंज अधिकाऱ्याने लेखी उत्तर पाठवले नाही. भेटायला आले तेव्हा एवढेच म्हणाले, "सर, निर्णय आपलाच आहे. फक्त त्याआधी एक गोळी स्वतः झाडून पाहावी, ही विनंती."

मी गेलो. प्रथम त्यांनी नोंदवहीतील ती 'विद्यमान' गादी दाखवली. लाल रबराची, रायफलीइतकीच जुनी. तिच्यावर नख दाबले तर खूणही उमटेना. उष्णतेने, तेलाने आणि वयाने रबराचा दगड झाला होता. नोंदवही वस्तूचे अस्तित्व सांगते. तिचा मऊपणा सांगत नाही.

मग मी गोळी झाडली. आवाजापेक्षा खांद्यावर बसलेला तडाखाच आजही आठवतो. त्यामागचा हिशोब मी नंतर मांडला. सुमारे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला पावणेआठशे मीटरच्या आसपास वेगाने पुढे जाते, तेव्हा चार किलोंची रायफल सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने मागे येते. ही ऊर्जा साधारण पन्नास ज्यूल होते; पोलिसांच्या परिचित थ्री-नॉट-थ्रीच्या अंदाजे तिप्पट. दंडावरचा निळा डाग आठवडाभर टिकला.

खरा धडा पुढेच होता. रेंज अधिकाऱ्यांनी दुसऱ्या वेळी माझ्या नकळत बनावट काडतूस भरले. मी चाप ओढला. आवाज झाला नाही, धक्का बसला नाही. पण माझे डोळे मिटलेले होते, खांदा पुढे झेपावला होता आणि नळीचे तोंड खाली गेले होते. येऊ घातलेल्या माराला शरीराने आधीच उत्तर दिले होते. कोणी हसले नाही, हा त्यांचा सभ्यपणा. मग पथकातील सर्वांत अनुभवी वनरक्षकावर हाच प्रयोग झाला. त्याचीही नळी दचकली. माझ्यापेक्षा कमी, पण दचकली.

तो खाली पाहत म्हणाला, "सर, भीती हत्तीची वाटत नाही. या दस्त्याची वाटते."

तीस मीटरवर नळी एक अंश हलली तर गोळी अर्धा मीटर सरकते. एवढ्या फरकाने हत्ती मरत नाही, जखमी होतो. आणि जखमी हत्ती अंधारात कोणत्या वस्तीत शिरेल हे कोणीच सांगू शकत नाही. माझ्या शेऱ्यात या अर्ध्या मीटरचा विचार कोठेही नव्हता.

माझा आक्षेप तेथेच संपला. पण निवडीचा प्रश्न शिल्लक होता. कोलकात्याहून दरपत्रके आली. सर्वांत स्वस्त होती ती दस्त्यावर मोज्यासारखी चढवायची गादी. सुतारकाम नाही, खर्च नगण्य. नियमाप्रमाणे न्यूनतम दर तोच. दुसरी जाळीदार रबराची; बंदुकीला ती पुरते, पण मोठ्या रायफलीच्या धक्क्याखाली पुरती चेपून जाते आणि मग असून नसल्यासारखी. तिसरी पॅकमायर डिसेलरेटरसारखी भरीव, मऊ, एक इंच जाडीची. दस्ता कापून, घासून, त्याच्या आकाराला मिळती करावी लागणारी. अर्थातच सर्वांत महाग.

स्वस्त गादीत दोष काय, हे मोजमाप घेतल्यावर कळले. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर साडेचौदा इंच होते. उंच साहेबाच्या हाताला बेतलेले. आमच्या वनरक्षकाला साडेतेरा इंच पुरेसे होते. त्यावर मोज्यासारखी गादी चढवली की अंतर साडेपंधरा होणार. दस्ता काखेजवळच्या कपड्यात अडकणार आणि खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर टेकणार. म्हणजे गादी लावूनही मार वाढणार. उपाय एकच : दस्ता दोन इंच कापायचा आणि एक इंचाची भरीव गादी बसवायची. तिची वरची कडाही गोल आणि गुळगुळीत हवी, नाहीतर मऊ रबर कोटाला चिकटते व ऐनवेळी रायफल खांद्याला लागत नाही.

दस्ता कापणे म्हणजे शासकीय मालमत्तेची मोडतोड, असा नवा प्रश्न कार्यालयाने उपस्थित केला. या वेळी टिपणीला उत्तर मी स्वतः लिहिले. न्यूनतम दर हा विनिर्देश पूर्ण करणाऱ्यांमधील न्यूनतम दर असतो. आणि येथे विनिर्देश म्हणजे रायफल धरणाऱ्या माणसाचा हात आहे, असे त्यात म्हटले.

गादीमुळे धक्का नाहीसा होत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. गोळीच्या संवेगाचा हिशोब चुकवावाच लागतो. गादी तो धक्का थोड्या अधिक वेळात आणि अधिक जागेवर पसरवते, इतकेच. पण तेवढ्यानेच माणसाचे डोळे उघडे राहतात.

अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यांत आम्ही शिकलो होतो की कर भरणारा एक असतो आणि त्याचा भार सोसणारा दुसराच असू शकतो. आदेशांचेही तसेच आहे. सही शेकडो किलोमीटर दूर होते. दस्ता दुसऱ्याच कोणाच्या खांद्याला लागतो. तो माणूस दचकला तर आपण त्याला प्रशिक्षण कमी पडले म्हणतो, कधी चौकशी लावतो. दस्त्याला नख लावून पाहण्याचे सुचत नाही.

गाद्या बसल्यावर पुन्हा बनावट काडतुसाचा प्रयोग झाला. पहिल्या दिवशी वनरक्षकाची नळी हललीच. शरीर जुना मार लवकर विसरत नाही. काही आठवड्यांच्या सरावानंतर ती स्थिर राहू लागली. पुढच्या वर्षी एका एकट्या सुळेवाल्याला बेशुद्ध करण्याची वेळ आली. डॉक्टर इंजेक्शनची बंदूक घेऊन पुढे होते आणि त्यांच्या मागे दोन पावलांवर तो वनरक्षक रायफल खांद्याला लावून उभा होता. औषध लागू पडले. रायफल उडाली नाही.

वर्षअखेरीच्या आढाव्यात त्या खर्चासमोर 'वापर : निरंक' अशी नोंद झाली. मी तिला हरकत घेतली नाही.